शेरेखोलचा पाहुणचार

शेरेखोल गावात शहाणे पुष्कळ होते. भोळा एकच होता, धाकू. एकटाच असल्यामुळे तो लांबूनसुद्धा ओळखू यायचा.

धाकूला सांगाल ते तो करायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. "विहिरीवर जा" म्हटलं की जायचा, आणि पाणी आण असं कुणी म्हटलं नव्हतं म्हणून रिकामी कळशी घेऊन परत यायचा. थोरला भाऊ वारल्यापासून घरात दोघंच होती. धाकू आणि त्याची यशोदावहिनी. वहिनीचा मुलगा पनवेलला नोकरीला.

तर या शेरेखोलवर एकदा पर्यटन आलं. पूर्वी पटकी यायची, देवी यायच्या, तसं हे आलं. पर्यटक नव्हे हो, ते नाही आले. नुसतं पर्यटन आलं.

म्हणजे आधी पर्यटन विकास समिती झाली. सरपंच अण्णा खोत तिचे अध्यक्ष. दुसरं कोण होणार? समितीने शहरातून एक सल्लागार आणला. हा सल्लागार वेल्सला जाऊन आलेला. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या शेजारचा मुलूख. तो म्हणाला, "तिथे काय आहे? पाऊस, पडके किल्ले आणि मेंढ्या. तरी माणसं पैसे मोजून जातात!" समितीने बघितलं, आपल्याकडे पाऊस आहे, किल्ला तर त्यांच्यापेक्षा जास्त पडलेला आहे. कमी काय, तर मेंढ्या. लगेच ठराव करून मेंढ्या आणल्या. त्या पहिल्याच पावसाळ्यात खोकून मेल्या. मग वेशीवर "शेरेखोल : कोकणचं वेल्स" असा फलक लावला आणि विकास पुरा झाला.

यशोदावहिनीने मात्र सल्लागाराचं सगळं खरं मानलं. तिने घरामागे दोन खोल्या बांधल्या. संडास इंग्रजी, आरसे मोठे, खाटेवर पांढरी चादर. दारावर पाटी लावली, "यशोदा निवास". वर्ष गेलं. एका खोलीत पाली उतरल्या, दुसरीत कोळी. दोघांनीही आगाऊ कळवलं नव्हतं.

पनवेलहून मुलगा सारखा फोन करी. "आई, बंद कर ते आणि इकडे ये." शेवटी वहिनी म्हणाली, "शिमग्यापर्यंत बघते. दोन्ही खोल्या एकदम भरलेल्या एकदा तरी दिसल्या तर राहते. नाहीतर कुलूप."

"आणि मी?" धाकूने विचारलं.

वहिनी चूल फुंकायला लागली. मुलाची पनवेलची खोली एवढीशी. एक आई मावेल, काका कुठला मावतोय? हे धाकूलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. वहिनी गेली तर आपलं कसं होणार? आपल्याला पेजसुद्धा करता येत नाही. तेव्हा खोल्या भरल्याच पाहिजेत. धाकू मनापासून कामाला लागला. इथेच घात झाला.

देवळात सल्लागाराची शिकवणी होती. सल्लागार म्हणाला, "शहरातल्या माणसाला काय हवं? शांतता! आपण शांतता विकतो. पाहुण्याच्या कानावर आवाज पडता कामा नये."

मागे बसलेला धाकू म्हणाला, "एवढंच ना? लक्षात ठेवतो."

आणि धाकू विसरणाऱ्यांतला नव्हता.

आठवड्यात पुण्याचं एक जोडपं आलं. वहिनी बाजाराला गेली होती. धाकूने गाईच्या गळ्यातली घंटा काढली, कोंबडा टोपलीखाली झाकला आणि स्वतःचं तोंड मिटून दारात उभा राहिला.

"यशोदा निवास हेच का?" गृहस्थांनी विचारलं.

धाकू गप्प.

"खोली मिळेल का?"

धाकू गप्प.

"बघा ना, किती शांत आहे इथे!" बाई म्हणाल्या. म्हणजे सल्लागाराचं काही चुकलं नव्हतं.

ओट्यावरच्या बाकाला वहिनीने सकाळीच हिरवा रंग दिला होता. गृहस्थ त्या बाकावर बसू लागले. धाकूचं तोंड उघडलं. मग त्याला शांतता आठवली, त्याने ते मिटलं. शेजारी बाईही बसल्या. खाडी बघत दोघं चांगली निवांत बसली. उठायची वेळ आली तेव्हा बाकही बरोबर उठला.

वहिनी परतली तेव्हा जोडपं गाडीत बसून वेशीबाहेर गेलं होतं, पाठीवर हिरवे पट्टे घेऊन. वहिनीने कपाळावर हात मारला. "हत् मेल्या! पाहुण्याच्या अंगाशी काही येताना दिसलं तर बोंब मारायची! गाव गोळा झालं तरी चालेल, पण बोंब मारायची!"

"एवढंच ना? लक्षात ठेवतो."

मग आले कोल्हापूरचे एक फोटोवाले. पक्ष्यांचे फोटो काढणारे. लाखाची तोफ गळ्यात अडकवून ते खाडीकाठच्या तिवरांत शिरले आणि चिखलात दबा धरून बसले. हलायचं नाही, शिंकायचं नाही. मागे धाकू उभा. मुंग्या चढल्या तरी फोटोवाले हलले नाहीत. आणि मग आला खंड्या. निळा, लाल चोचीचा, झगझगीत. असा थेट त्यांच्याच दिशेने येऊ लागला.

पाहुण्याच्या अंगाशी काहीतरी येत होतं.

"साहेबऽऽऽ! सांभाळा! आलाऽऽ!"

खंड्या आल्या पावली गेला. बगळे गेले. समोरच्या काठावरची कोळीण टोपली टाकून गेली. फोटोवाले दचकून तोफेसकट चिखलात आडवे झाले. चिवट माणूस, पुसून पुन्हा बसला. पुन्हा खंड्या आला, पुन्हा धाकूने वाचवलं. संध्याकाळपर्यंत खाडीवर डाससुद्धा उरला नाही. फोटोवाले गेले ते एकच फोटो घेऊन. त्यात धाकूचा जबडा होता.

हे अण्णा खोतांच्या कानावर गेलं. तसं गावात सगळ्यांच्याच कानावर गेलं होतं म्हणा, बोंबच तशी होती. अण्णा काठी आपटत आले. "अरे खुळ्या, पाहुणा जे बघायला आला ते पळून जाऊ द्यायचं नसतं! घट्ट धरून ठेवायचं! पार बांधून ठेवायचं!"

"एवढंच ना, अण्णा? लक्षात ठेवतो."

मग नाशिकचं कुटुंब आलं. त्यांना डॉल्फिन दाखवायला नजीरभाईंची होडी ठरली होती. नजीरभाई खाडीतले जुने नावाडी, माणूस शांत. खाडी दिसताच पोरं नाचायला लागली, "बाबा, होडी! होडी बघायला चला!"

धाकूने ऐकलं. होडी बघायची आहे काय? तो आधीच धावत खाली गेला. होडीच्या मागच्या कडीला त्याने माडाचा जाड दोर बांधला, दुसरं टोक माडाच्या बुंध्याला. गाठ अशी मारली की अण्णांनी शाबासकी द्यावी.

मंडळी बसली. नजीरभाईंनी इंजिन चालू केलं. होडी सुसाट निघाली आणि दोर संपला तिथे उभी राहिली. उभी म्हणजे अगदी उभी. मागचे पुढे आले, पुढचे पाण्यात गेले. माड गदागदा हलला आणि चार नारळ खाली आले. त्यातला एक सल्लागाराच्या गाडीवर पडला. या गोष्टीत तेवढं एकच काम बरोबर झालं.

पाणी कमरेइतकंच होतं. नाशिककर उठले, ओल्या कपड्यांनीच गाडीत बसले आणि डॉल्फिन न बघता गेले. नजीरभाई नुसते हात जोडून म्हणाले, "धाकूशेठ, मेहेरबानी करा. निघालेल्याला कधी अडवायचं नसतं. जातोय त्याला जाऊ द्यायचं."

"एवढंच ना, नजीरभाई? लक्षात ठेवतो."

यानंतर सांगलीचं जोडपं आलं, सोबत बायकोची आई. आणि काय नवल, ही मंडळी चक्क एक रात्र राहिली, तिघं एकाच खोलीत! जेवली, झोपली, सकाळी घावन खाऊन तृप्त झाली. वहिनीचा चेहरा असा खुलला की धाकूला वाटलं, जिंकलो आपण. निघताना जावई म्हणाला, "पुढच्या आठवड्यात माझे दोन भाऊ पाठवतो. दोन्ही खोल्या ठेवा."

एवढं बोलून त्याने गाडी सुरू केली. सासूबाई मात्र कवळी विसरली म्हणून खोलीत परत गेल्या होत्या. गाडी हलली तशा त्या कवळी हातात घेऊन धावत आल्या. "अहो, थांबवा! थांबवा त्यांना!"

धाकू फाटकात हात जोडून उभा होता. त्याने समजुतीने सांगितलं, "आजी, निघालेल्याला अडवायचं नसतं."

गाडी घाट चढून गेली तेव्हा कुणीतरी मागच्या सीटकडे पाहिलं. दुपारी ती परत आली. जावई चुकून निघाला होता की मुद्दाम, याबद्दल शेरेखोलात आजही दोन मतं आहेत. सासूबाईंचं मात्र एकच मत होतं. त्यामुळे जावयाचे भाऊ काही आले नाहीत.

शिमगा तोंडावर आला. वहिनीने फळीवरून मोठं कुलूप काढलं, त्याला तेल दिलं आणि पदराने डोळे पुसले. धाकूला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी धाकू जेवला नाही.

आणि नेमका तेव्हाच निरोप आला की जिल्ह्याचे पर्यटनसाहेब येणार. सपत्नीक. शनिवारी सकाळी येणार, रविवारी संध्याकाळी होडीने पलीकडच्या गावाला जाणार. साहेबांनी गाव पसंत केलं तर सरकारी यादीत नाव लागणार, मग पाहुण्यांना तोटा नाही. गावात माणसाने उतरावं अशा खोल्या वहिनीच्याच. आणि वहिनीच्या हाताखाली माणूस एकच.

अण्णा खोत खास येऊन बसले. धाकूचे दोन्ही खांदे धरून म्हणाले, "धाकू, आजवर तुला जे जे सांगितलं ते सगळं विसर. डोकं अजिबात चालवू नकोस. पाहुणा म्हणजे कोण? देव! घरात गणपती आला की तू त्याचं जे जे करतोस, तेच साहेबांचं कर. एक रेघ कमी नको, एक रेघ जास्त नको. कळलं?"

"एवढंच ना?" धाकू पहिल्यांदाच हसला. अण्णाही हसले, कारण गणपतीचं म्हणाल तर धाकूसारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. दीड दिवसाचा गणपती, पण आणण्यापासून सगळं त्याच्या हातून कसं बिनचूक व्हायचं.

शनिवारी साहेबांची गाडी वेशीवर थांबली. समिती हार घेऊन उभी, सल्लागार फोटोला उभा. साहेब उतरताच धाकू पुढे झाला आणि त्याने साहेबांच्या तोंडावर रुमाल टाकला. गणपतीचं तोंड झाकूनच घरी आणतात, हे काय सांगायला हवं?

"हे काय?" रुमालातून आवाज आला.

समितीचे हार हातातच राहिले. पण सल्लागार म्हणजे सल्लागार. तो साहेबांच्या कानाला लागला. "सर, हे अनुभवाधारित पर्यटन. वेल्समध्ये याच्यावर अख्खी परिषद झाली होती." साहेब परिषदेला गेले नव्हते. हे कळू नये म्हणून ते म्हणाले, "हो, हो, माहीत आहे."

मग झांजा वाजवत मिरवणूक निघाली. दारात धाकूने साहेबांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर दूध-पाणी घातलं, बुटांसकट. आत पाटावर बसवलं. डोक्यावर माटवी, म्हणजे गणपतीवरची लाकडी चौकट, टांगलेली होती, तिला नारळ, काकड्या आणि सुपाऱ्यांचे घोस. साहेबांच्या कानावर दूर्वा खोचल्या.

"जरा आंघोळ करेन म्हणतो," साहेब म्हणाले.

धाकूने फूल पाण्यात बुडवलं आणि साहेबांवर दोनदा शिंपडलं. "झाली."

"अरे, पूर्ण आंघोळ!"

"नको साहेब. आत्ताच जास्त पाणी लागलं तर रंग जातो."

दुपारी केळीचं पान आलं. उकडीचे मोदक, वर तुपाची धार, वालाचं बिरडं, भात. साहेबांचा हात पुढे आला. धाकूने पानाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, डोळे उघडले आणि पान उचललं.

"अहो, माझं जेवण!"

"पोचलं साहेब," धाकू म्हणाला आणि मोदक समितीला वाटून टाकले. समितीने प्रसाद नाकारणं बरं दिसलं नसतं.

रात्रीच्या पानाचं तेच झालं, रविवारच्या न्याहारीचंही तेच. आरत्या मात्र भरपूर झाल्या. देवाला एकटं सोडायचं नसतं म्हणून धाकू समोर बसून साहेबांकडे टक लावून बघत राही. साहेब अर्धमेले झाले होते. पण सल्लागार सारखा फोटो काढत होता आणि साहेबांना प्रत्येक फोटोत हसावं लागत होतं.

साहेबांच्या बाईंचं म्हणाल तर वेगळं होतं. त्यांना धाकूने ओटीवर झोपाळा दिला, शेजारी गजरा ठेवला आणि आल्या दिवसापासून कोलंबी, चिंबोऱ्या, सुरमईची तुकडी, असं ताटामागून ताट नेऊन दिलं. वहिनी रांधत होती, हा वाढत होता. बाई उठून मदतीला जाऊ लागल्या तर तो त्यांना उठू देईना. वहिनी बिचारी चुलीपाशी घामाघूम. बाहेर झांजा वाजतायत, साहेब हसतायत, म्हणजे सगळं ठीक चाललंय असं समजून देवाला हात जोडत होती.

रविवार कलला. धाकूने साहेबांवर अक्षता टाकल्या, पाट धरून त्यांना जागचं थोडं हलवलं आणि हातावर दही ठेवलं. दोन दिवसांत पोटात जाणारी पहिलीच वस्तू. साहेबांनी तळहात चाटून पुसून साफ केला.

"निघायचं ना आता?" साहेबांनी आशेने विचारलं.

"निघायचं," धाकू म्हणाला.

समितीच्या चार माणसांनी साहेबांना पाटासकट उचललं. झांजा, गुलाल, अण्णा खोत पुढे नाचतायत. साहेबांना वाटलं, होडीपर्यंत पोचवायची ही पद्धत असावी. अण्णांनाही तसंच वाटलं. खाडीत नजीरभाईंची होडी उभी होती. पाट काठावर टेकला. शेवटची आरती झाली. मग धाकूने साहेबांना कमरेला मिठी घालून उचललं आणि पाण्यात शिरला. तो होडीच्या दिशेने गेला. होडीपाशी पोचला. आणि होडी ओलांडून पुढे गेला.

"अरे, होडी मागे राहिली!" साहेब ओरडले.

धाकूने त्यांना बुडवलं.

काठावर समिती आ वासून उभी राहिली. सल्लागाराने टाळ्या वाजवल्या, मग समितीनेही वाजवल्या. न वाजवून आपण अडाणी ठरलो असतो ना! पहिल्या बुडीतून वर आले तेव्हा साहेबांनी अण्णांचं नाव घेतलं. दुसऱ्या बुडीतून आले तेव्हा अण्णांच्या वडिलांचं घेतलं. तिसऱ्या बुडीला धाकूने त्यांना अलगद सोडून दिलं आणि गहिवरून म्हणाला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

त्याने वळून बघितलं नाही. विसर्जनानंतर बघत नाहीत. ओंजळभर ओली वाळू पाटावर घेतली आणि तो घरी आला. मागे नजीरभाई साहेबांना कॉलर धरून होडीत ओढत होते.

धाकूने वाळू ठेवलेला पाट जागेवर मांडला. "वहिनी, सगळं बिनचूक झालं बघ!"

वहिनी हात पुसत बाहेर आली. तिने पाट बघितला, वाळू बघितली. "साहेब कुठायत रे?"

"बुडवले."

वहिनी मटकन खाली बसली. तिला पनवेल दिसलं. मग तिला एकदम बाई आठवल्या. "आणि बाई? अरे मेल्या, त्या बाईंना पण—?"

"छे!" धाकूला रागच आला. "मी काय खुळा आहे? त्या गौर आहेत. माहेरवाशीण. आपल्याकडे गौरीला मासळीचा नैवेद्य, म्हणून तर तिखटाचं ताट दिलं. गौरीला तीन दिवस असतात."

ओटीवर झोपाळा कुरकुरत होता. बाईंनी सगळं ऐकलं होतं, आणि ओटीवरून त्यांना साहेब होडीत निथळत बसलेले दिसतही होते. त्या चिंबोरीची नांगी हातात धरून हसत होत्या, हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, खरं सांगू? माझी आई गेल्यापासून मला कुणी आयतं ताट वाढलं नाही. यांना जाऊ दे यादी घेऊन. मी इथेच राहणार. धाकट्या बहिणीला फोन केलाय, ती उद्या सकाळी येतेय. तुमची दुसरी खोली तिला द्या."

वहिनी उठली. दोन्ही खोल्यांपुढून एक फेरी मारून आली. मग फळीवरचं कुलूप घेतलं आणि खिडकीतून परसातल्या विहिरीत टाकलं. धाकूचा हात धरून ती हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही.

धाकू मात्र हसला नाही. तो पाटाकडे बघत डोकं खाजवत होता. चेहरा गंभीर.

"काय झालं रे?"

"बहीण पण येतेय म्हणजे जोडगौरी," धाकू म्हणाला. "आणि पाट एकच. वहिनी, दोघींना खाडीवर एकदम न्यायचं की पाळीपाळीने?"